प्लेट हलवण्याआधी

मनू, हातातला स्क्रू-ड्रायव्हर आधी खाली ठेव. मॅग्नेटखालची प्लेट आज हलवायची नाही. तुझे दोन्ही निरोप मी नीट ऐकलेत. किक मारली की पाय उलटा फेकला जातो, यवतेश्वरच्या घाटात तिसऱ्या गिअरला इंजिन ठिणठिण वाजतं, आणि थोड्याच वेळात इतकं तापतं की पिकअपच मरतो. ही तिन्ही लक्षणं एकत्र ऐकली की कुठलाही मिस्त्री म्हणेल, ‘टायमिंग अॅडव्हान्स झालंय.’ आणि बहुधा त्याचं बरोबरच असेल. पण नुसत्या ‘बहुधा’वर बाबांच्या चेतकचं इंजिन पणाला लावायचं नाही, आणि तुझा घोटा तर नाहीच नाही.

बाबांची बंद पडलेली गाडी तू स्वतः उघडलीस, बोअर-पिस्टनचं किट आणलंस, लेथवाल्याकडे उभी राहून हेड करून घेतलंस, याचं मला फार कौतुक आहे. म्हणूनच सविस्तर सांगते. घाईत एक पिस्टन गेला की माणूस नाउमेद होतो आणि गाडी पुन्हा ताडपत्रीखाली जाते. तसं व्हायला नको.

तू आतमध्ये नेमका काय बदल केलायस ते आधी बघू. चेतकचं मूळ इंजिन म्हणजे जुन्या व्हेस्पा घराण्याचंच. बोअर ५७ मिलिमीटर, स्ट्रोकही ५७, म्हणून १४५ सीसी. तू बोअर नेलास ६३ वर. स्ट्रोक तोच राहिला, तरी इंजिन झालं जवळपास १७८ सीसीचं. पोर्ट मोठे झाले, म्हणजे आत येणारा माल वाढला. हेड लेथवर घासलं, म्हणजे कॉम्प्रेशनही वाढलं. आता मॅग्नेटवर आणि केसिंगवर ज्या खुणा आहेत, त्या कारखान्याने कोणत्या इंजिनासाठी मारल्या होत्या? जुन्या, १४५ सीसीच्या. त्या खोट्या नाहीत, पण त्या तुझ्या या इंजिनाच्या नव्हेत. मला तुला मुख्य सांगायचंय ते हेच. बदललेल्या इंजिनाला आयत्या खुणा चालत नाहीत, स्वतः मोजून नव्या माराव्या लागतात. तू खूण खुणेला जुळवलीस आणि ‘टायमिंग बरोबर आहे’ म्हणालीस, तिथेच गाडं अडलं.

ठिणगी पिस्टन वर पोचायच्या आधीच का टाकतात, हे तुला माहीत आहे, पण कारण डोक्यात पक्कं असू दे. पेट्रोल एकदम पेटत नाही. ज्योत प्लगपासून निघून कडेपर्यंत जायला वेळ घेते. दाब सगळ्यात जास्त व्हायला हवा तो पिस्टन वरच्या टोकावरून वळून दहा-पंधरा अंश खाली उतरल्यावर. आपण अंगणातल्या झोपाळ्याला धक्का द्यायचो तसंच आहे हे. झोपाळा अजून आपल्याकडे येत असताना धक्का दिला तर आपलेच हात दुखतात, वळून निघाला की दिलेला धक्का कामी येतो. तुझी किक उलटी मारते ती या पहिल्या प्रकारामुळे. किक मारताना इंजिन हळू फिरत असतं, दाब पिस्टन वर पोचायच्या आतच तयार होतो आणि क्रँक उलट फिरायला बघतो.

आता किटने काय केलं? कॉम्प्रेशन वाढलं आणि सिलिंडर जास्त भरला की जळणं भरभर होतं. ज्योतीला कमी वेळ पुरतो. मग ठिणगीही उशिराच टाकायला हवी. या घराण्याच्या दीडशे सीसीच्या इंजिनांना मुळात २२ अंशांच्या आसपास टायमिंग असतं. अशी किटं बसवणारे अनुभवी लोक १८-१९ अंशांपासून सुरुवात करतात. तुझ्या किटबरोबर कागद आला असेल आणि त्यावर आकडा असेल, तर तो आकडा खरा, माझा नव्हे. चार अंश म्हणजे किती, याचा अंदाज घे. तुझ्या स्ट्रोकवर २२ अंशांना पिस्टन टोकापासून सुमारे २.६ मिलिमीटर खाली असतो, १८ अंशांना सुमारे १.८. फरक मिलिमीटरभराचाही नाही. प्लेट ‘थोडीशी सरकवून’ जमेल असं हे काम नाही.

पण थांब. टायमिंगचं सोंग घेऊन येणारे तीन दोष आहेत. ते तपासल्याशिवाय प्लेटला हात लावलास, तर एका दोषावर दुसरा चढवून बसशील.

पहिला, हवा ओढणं. मॅग्नेटच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील जुनं झालं की तिथून हवा आत शिरते आणि मिश्रण पातळ होतं. पातळ मिश्रण तापतं, वाजतं, पिकअप मारतं, म्हणजे तुझ्या गाडीचीच लक्षणं. ओळखायचं कसं? अॅक्सिलरेटर सोडल्यावर आरपीएम लगेच खाली येतात का ते बघ. इंजिन वरच रेंगाळत असेल तर सील आणि कार्बोरेटरखालचं पॅकिंग आधी बदल. सील महाग नसतं. इंजिन उघडलंच आहे तर जुनं परत घालणं हा निव्वळ कंजूषपणा.

दुसरा, जेट. १७८ सीसीला दीडशेच्या जेटने पेट्रोल पुरत नाही. शिवाय आता पंपावर जे ई-२० मिळतं, त्यातल्या एथेनॉलमुळे त्याच जेटवर मिश्रण आणखी पातळ होतं. मेन जेट मोठा लाव आणि खात्रीने जाड मिश्रणापासून सुरुवात कर. जरा धूर निघाला, मधल्या आरपीएमला गाडी भरडली, तरी हरकत नाही. जाड मिश्रणाने फार तर प्लग काळा पडतो. पातळ मिश्रणाने पिस्टन जातो.

तिसरा दोष मॅग्नेटच्या आतला, आणि तुझ्या बाबतीत मला त्याचीच धास्ती आहे. मॅग्नेट क्रँकच्या निमुळत्या टोकावर बसतो आणि एक छोटी अर्धचंद्राकृती चावी त्याची जागा धरते. पुष्कळांना वाटतं, मॅग्नेटला ती चावी धरून ठेवते. तसं नाही. पकड असते निमुळत्या भागाची, नटाने आवळलेली. चावी फक्त जागा दाखवते. नट ढिला राहिला किंवा त्या भागावर तेल राहिलं, तर उलट्या किकेच्या धक्क्याने मॅग्नेट सरकतो आणि चावी कापली जाते, कधी अर्धवट. मग गाडी सुरू होते, चालतेसुद्धा, पण टायमिंग कुठे गेलंय ते कुणालाच कळत नाही. म्हणून मॅग्नेट काढल्यावर चावी बोटांत धरून उजेडात बघ. तिच्या कडेवर पायरी पडलेली दिसली, बोटाला खाच लागली, तर ती फेक आणि नवी घाल. बसवायच्या आधी क्रँकचं टोक आणि मॅग्नेटचं भोक पेट्रोलने पुसून कोरडं कर. नट टॉर्क पान्याने आवळ, ६०-६५ न्यूटन-मीटरपर्यंत. आणि ठोकाठोकी अजिबात नको. जुन्या मॅग्नेटांत नट आणि सर्क्लिपच मिळून पुलरचं काम करतात, नसेल तर पुलर मागून आण. हातोडीने क्रँकचं टोक वाकलं तर पुढचं सगळं मोजमाप वाया.

हे तिन्ही साफ झालं की मग मोजायला बस. दुपारी, निवांत, जवळ कुणी बोलणारं नको.

सगळ्यात आधी पिस्टनचं वरचं टोक शोधायचं. प्लगच्या भोकात पेचकस घालून ‘वर आला’ असं ठरवू नकोस. टोकाजवळ पिस्टन जवळजवळ थांबलेला असतो, क्रँक बरेच अंश फिरला तरी पेचकस हलल्याचं जाणवत नाही. डायल गेज आणलास तरी या हेडमध्ये प्लग तिरका बसतो, त्यामुळे गेजचा आकडाही सरळ मिळत नाही. यावर जुना आणि बिनचूक उपाय आहे. एका जुन्या प्लगचं पोर्सलिन फोडून काढ, त्यातून बोथट टोकाचा बोल्ट बसवून घे, आणि तो प्लगच्या जागी घट्ट कर. आता मॅग्नेट हाताने, अगदी सावकाश, एका दिशेने फिरव. पिस्टन बोल्टला टेकला की थांब, केसिंगवरच्या एका ठरलेल्या रेघेसमोर मॅग्नेटवर खूण कर. मग उलट दिशेने फिरव, टेकला की दुसरी खूण. या दोन खुणांच्या बरोबर मध्ये आहे तुझं खरं टोक. किक मात्र चुकूनही मारू नकोस, पिस्टनला भोक पडेल. कारखान्याच्या खुणेपासून तुझी खूण किती सरकली ते तेव्हा कळेल, आणि चावीबद्दलचा माझा संशय खरा की खोटा, तेही.

अंश मोजायला वेगळं उपकरण नको. कागदाची पट्टी मॅग्नेटच्या घेराभोवती गुंडाळ आणि लांबी मोज. समज, घेर ५४० मिलिमीटर भरला. ३६० ने भागलं की एका अंशाला दीड मिलिमीटर. म्हणजे २२ अंश ३३ मिलिमीटरवर आणि १८ अंश २७ मिलिमीटरवर. तुझा घेर जो येईल त्यावरून हिशेब कर. टोकाच्या खुणेपासून मोजून १८, २० आणि २२ अशा तीन रेघा मार, बारीक टोकाने कोरून आणि वेगवेगळ्या रंगाने. तो बोल्टवाला प्लग काढून घेतल्यावर हळूच किक दाबली की मॅग्नेट कुठे फिरतो ते दिसेलच. पंख्याच्या बाजूने बघितलं तर तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. रेघा कुठल्या बाजूला मारायच्या ते यावरच ठरतं. टोकाची खूण केसिंगच्या रेघेसमोर यायच्या आधी जी रेघ येते, ती अॅडव्हान्सची.

आता पॉइंट. तुझी गाडी पॉइंटवाली आहे म्हणून हे महत्त्वाचं. आधी गॅप, मग टायमिंग, हा क्रम कधीही उलटायचा नाही. गॅप मोठा केला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप अॅडव्हान्स होतं. लहान केला की रिटार्ड. काहीजण याच युक्तीने टायमिंग ‘लावतात’, आणि मग ठिणगीच कमजोर होते. मॅग्नेटच्या खिडकीतून फीलर घालून ०.४ मिलिमीटर ठेव, पॉइंट पूर्ण उघडले असताना. पॉइंटची टोकं निळी-काळी पडली असतील, एकावर टेंगूळ आणि दुसऱ्यावर खड्डा असेल, तर कंडेन्सरही बदल.

पॉइंट नेमके उघडतात कधी, हे मल्टिमीटरच्या बझरने बघायला जाशील आणि वैतागशील. पॉइंटला समांतर कॉइल जोडलेली असते, तिचा रोध इतका कमी असतो की पॉइंट उघडले तरी बझर वाजतच राहतो. एक तर मॅग्नेट बसवायच्या आधी कॉइलची वायर पॉइंटपासून सोडव, नाहीतर पातळ कागदाची चिंधी पॉइंटमध्ये धर. तिला अगदी अलगद ताण देत मॅग्नेट फिरव. ज्या क्षणी कागद सुटतो, तिथे थांब आणि केसिंगच्या रेघेसमोर तुझी कोणती रेघ आहे ते बघ. पुन्हा कर. तेच उत्तर आलं तरच विश्वास ठेव.

माझा अंदाज आहे की २२ च्याही पलीकडे येईल. मग, आणि मगच, प्लेट. मॅग्नेट ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने प्लेट सरकवली की टायमिंग रिटार्ड होतं, उलट दिशेने अॅडव्हान्स. सरकवायच्या आधी प्लेटची जुनी जागा केसिंगवर कोरून ठेव. एका वेळी थोडंच सरकव, स्क्रू आवळ, मॅग्नेट बसव, पुन्हा कागद लावून मोज. मॅग्नेट काढ-घाल करून कंटाळशील, मला माहीत आहे. पण हा कंटाळाच इंजिन वाचवतो. आणि या फेरीत दुसरं काहीही बदलू नकोस, ना जेट, ना प्लग, ना साइलेन्सर. दोन गोष्टी एकदम बदलल्यास तर कशाने काय झालं हे कधीच कळणार नाही.

१८ वर आली की टायमिंग लाइट लाव. लाइटला वीज वेगळ्या १२ व्होल्ट बॅटरीतून दे, चेतकच्या दिव्याच्या वायरीतून नको. हे दोन स्ट्रोकचं इंजिन, प्रत्येक फेऱ्याला ठिणगी पडते, म्हणून रेघ स्थिर दिसायला हवी. मिनिटाला ६००० फेरे म्हणजे सेकंदाला १००, आणि तेवढ्यात क्रँक ३६,००० अंश फिरलेला असतो. कागदाने हाताने मोजलेलं तिथे खरं ठरतंय का, हे लाइटच सांगतो. रेघ एका जागी न राहता नाचत असेल, दोन-दोन दिसत असेल, तर प्लेट निर्दोष आहे. बहुधा मेन बेअरिंग खिळखिळं झालंय, किंवा क्रँकचं टोक वाकलंय. अशा इंजिनावर टायमिंग लावणं व्यर्थ, आधी क्रँक काढ.

तुमचे मिस्त्रीकाका म्हणतात ना, ‘लाइट कशाला, कानाने लागतं’? त्यांच्या कानाला मी मान देते, चाळीस वर्षं त्याच कानाने त्यांनी गावाच्या स्कूटरी चालत्या ठेवल्यात. पण त्या मूळच्या इंजिनांच्या स्कूटरी होत्या. तू जो मोठा साइलेन्सर लावलायस, त्याच्या आवाजात वरच्या आरपीएमचं नॉकिंग ऐकूच येत नाही. घाटात ठिणठिण ऐकू आली ती आरपीएम कमी होते म्हणून. सपाट रस्त्यावर फुल अॅक्सिलरेटरला तेच चाललेलं असेल, आणि कळेल ते पिस्टन गेल्यावरच. काकांना समजावून सांग, रेघा दाखव. ते ऐकतील.

हेडबद्दल एक शंका राहतेच. लेथवाल्याने नुसता फेस घासला की ६३ च्या बोअरप्रमाणे आतला घुमटही केला? हेड काढून पिस्टनवर पिनच्या रेषेत दोन्ही कडांना सोल्डरच्या मऊ तारेचे तुकडे ग्रीसने चिकटव, हेड आवळ, हाताने एक फेरा फिरव आणि चेपलेल्या तारेची जाडी व्हर्नियरने मोज. १.२ ते १.५ मिलिमीटर आली तर ठीक. एकच्या खाली आली तर पिस्टन हेडला लागायची भीती. दोनच्या वर गेली तर कडेला अडकलेलं मिश्रण आपोआप पेटतं, आणि टायमिंग कितीही रिटार्ड केलंस तरी ठिणठिण जात नाही. हेड उघडलंस की पिस्टनच्या माथ्याकडेही बघ. कडेला वाळू मारल्यासारखे बारीक खड्डे असतील तर ते नॉकिंगचे. प्लगच्या पांढऱ्या पोर्सलिनवर मिरीएवढेसुद्धा नाहीत, इतके बारीक चंदेरी ठिपके दिसले, तर ते पिस्टनचंच अॅल्युमिनियम आहे. ते दिसलं की त्याच क्षणी गाडी बंद, मला फोन.

उलट्या बाजूलाही जाऊ नकोस. घाबरून फार रिटार्ड केलंस तर किक सोपी होईल, पण गाडी मठ्ठ होईल आणि जळण अर्धं साइलेन्सरमध्ये होईल. साइलेन्सरचा बेंड लालसर दिसायला लागला, अॅक्सिलरेटर सोडल्यावर फटफट फुटायला लागलं, तर दोन अंश परत ये. पॉइंटचं टायमिंग एकच असतं, खालच्या आणि वरच्या आरपीएमला तेच. म्हणून ते कधीच सगळीकडे उत्तम नसतं. तुला निवडावं लागतं, आणि या किटला सुरक्षित बाजू उशिराची.

आणखी एक, आणि हे ताई म्हणून नाही तर कायदा म्हणून. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही, आणि तुझ्या आरसीवर १४५ सीसीच आहे. अपघात झाला तर विमा कंपनी हाच मुद्दा काढेल. त्यामुळे यवतेश्वरचा घाट बंद. चाचणी बंदिस्त मैदानावर, हेल्मेट आणि घोटा झाकणारे बूट घालून. रोजच्या वापराला आणायचीच असेल तर मूळ बोअर पुन्हा बसव, तो जपून ठेवलायस ना? तेलात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून ठेव, गंजू देऊ नकोस.

पहिली फेरी अशी कर. पेट्रोलमध्ये लिटरला २० मिलिलिटर टू-टी ऑइल, कमी नाही. इंजिन गरम होईपर्यंत अर्ध्या अॅक्सिलरेटरच्या वर जायचं नाही. मग चौथ्या गिअरला थोडा वेळ फुल, आणि अॅक्सिलरेटर तसाच असताना किल स्विचने इंजिन बंद आणि त्याच क्षणी क्लच दाबायचा. असं केलं तरच प्लग त्या वेळचं खरं सांगतो, मंद आरपीएमला रेंगाळत परत आलीस की त्यावर दुसराच रंग चढतो. पोर्सलिन विटकरी-तपकिरी असेल तर जेट ठीक, पांढरंफटक असेल तर पातळ. फोटो उजेडात काढून पाठव. आणि प्लग काढायच्या आधी हेड पूर्ण थंड होऊ दे, गरम अॅल्युमिनियमचे आटे प्लगबरोबरच बाहेर येतात.